रेवडीची कुस्ती आणि केसरीची गदा : मराठवाड्यात पठ्ठा कसा निवडला जाई?

१९६९ साली महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन लातूरला भरले आणि मानाची गदा निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावच्या, विशीही न गाठलेल्या एका पोराच्या खांद्यावर गेली. नाव हरिश्चंद्र बिराजदार. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, १९७२ साली रुस्तुम-ए-हिंद. ही नोंद बहुतेकांना ठाऊक असते. या धाग्यात मात्र त्याच्या अलीकडची, गदा मिळण्याच्या सात-आठ वर्षे आधीची गोष्ट पाहायची आहे. बारा-तेरा वर्षांच्या एखाद्या पोरावर दूध, तूप, बदाम आणि घरातला एक कामाचा हात अशी पुंजी वर्षानुवर्षे लावायची, हे कोणी, कशाच्या आधारावर ठरवीत असे?

प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्या खेळात पायापेक्षा हाताचे काम अधिक; आणि चेंडू कोणाकडे, केव्हा फेकायचा हे ठरविणारा ‘क्वार्टरबॅक’ हा संघाचा मेंदू. दरवर्षी तेथील व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंमधून पाळीपाळीने निवड करतात. १९९८ साली पहिली निवड पेटन मॅनिंगची झाली आणि दुसरी रायन लीफची. दोघांत सरस कोण, यावर त्या वेळी जाणकारांत खरोखरीचा वाद होता. मॅनिंग त्या खेळातला एक श्रेष्ठ खेळाडू ठरला. लीफची कारकीर्द काही हंगामांत आटोपली. दोनच वर्षांनी, २००० साली, टॉम ब्रेडी १९९व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले होते. ब्रेडीने पुढे सात वेळा अजिंक्यपद मिळविले.

ज्या संघांकडे वैद्य, मोजपट्ट्या, चित्रफिती आणि अमाप पैसा आहे, त्यांची ही गत. मग औसा-निलंग्याच्या, कंधार-लोह्याच्या शिवारात, जेथे वजनकाटा होता तो फक्त आडत दुकानात, तेथे पारख कशी होत होती?

तिची एक व्यवस्था होती आणि ती चांगली चालत असे. तिचे नाव जत्रा.

मराठवाड्यातल्या गावजत्रेच्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना क्रम सांगायला नको. दुपार कलली की हलगी सुरू होते. प्रथम उतरतात ती लहान पोरे, रेवड्यांवर. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या, हरणाऱ्यालाही बहुधा चार-दोन. मग नारळावरच्या कुस्त्या. मग रुपया-दोन रुपयांच्या, आणि इनाम असे चढत जाते. दिवस मावळायच्या सुमारास शेवटची मानाची कुस्ती. वरून पाहता हा करमणुकीचा क्रम वाटतो. वस्तुतः ही एक चाळणी आहे, आणि तिचा गुण असा की तिच्यात धोका टप्प्याटप्प्याने वाढतो. रेवडीची कुस्ती हरलेल्या पोराचे काही जात नाही आणि त्याच्यावर कोणी काही लावलेलेही नसते. नारळाच्या कुस्तीला पोहोचेपर्यंत त्याला चार गावच्या जत्रांनी पाहिलेले असते. पंचवीस-तीस मैलांच्या टापूतले जुने कुस्तीगीर, पंच, शौकीन शेतकरी या साऱ्यांच्या डोळ्यांखालून तो जातो. पोराच्या बापाला कोणी म्हणाले की ‘पोराला तालमीत घाला’, तर त्या वाक्यामागे चार-सहा जत्रांचा पुरावा असे.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा हे याचे मोठे रूप. मार्गशीर्षात भरणारी ही यात्रा घोडे, गाढवे, उंट, बैल यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध, आणि तेथेच कुस्त्यांची दंगलही होते. जनावरांचा बाजार आणि कुस्तीचा फड एकाच ठिकाणी असावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. पारख करणारे डोळे तेच होते.

ज्या प्रदेशाने लाल कंधारी आणि देवणी असे दोन नावाजलेले गोवंश जोपासले, तेथील शेतकऱ्याला वाढत्या अंगाचा अंदाज बांधणे हा रोजचा व्यवहार होता. अदंत गोऱ्हा स्वस्त मिळतो, कारण तो कामाला कसा निघेल हे कोणालाच सांगता येत नाही. चारदाती, जुवाला लागलेला बैल महाग. त्यात चुकण्याची शक्यता कमी, पण फायद्याला जागाही कमी. म्हणून हुशार गिऱ्हाईक अदंत गोऱ्ह्याचे खूर, नळ्या, खांदा पाहतो, आणि जमल्यास त्याची गायही पाहून येतो. वस्तादही पोराचे मनगट चाचपतो, मान पाहतो, गुडघे पाहतो, आणि बापाच्या उंचीकडे नजर टाकतो. पद्धत एकच. फरक एवढाच की चुकीचा निघालेला गोऱ्हा पुढच्या बाजारी विकून टाकता येतो.

या पारखीत एक सापळा असतो, आणि त्यात भलेभले अडकतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी काही पोरे लवकर भरतात. मिसरूड फुटलेले, खांदे रुंदावलेले असे पोर रेवडीच्या आणि नारळाच्या सगळ्या कुस्त्या मारते, गावोगावी नाव होते. पण ते जिंकत असते ते पुष्कळदा डावावर नव्हे, तर दोन वर्षे आधी आलेल्या ताकदीवर. सतराव्या-अठराव्या वर्षी बरोबरीची पोरे अंगाने त्याला गाठतात आणि मग त्याच्याकडे डाव शिल्लक नसतात, कारण शिकण्याची गरजच कधी पडलेली नसते. उलट, मागाहून वाढणारे किरकोळ पोर सतत हरते, आणि हरता हरता निसटायला, पालथे पडून टिकायला, दम राखायला शिकते. जाणता वस्ताद म्हणून जिंकलेल्या पोराइतकेच हरलेल्या पोराकडे पाहतो. चितपट झाल्यावर ते माती झटकून पुन्हा जोड मागते की आईकडे बघते, हे पाहतो.

क्रिकेटमध्येही हे कोडे सुटलेले नाही. जालन्याच्या विजय झोलने १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या, २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले, आयपीएलच्या संघाने त्याला घेतले. भारताच्या वरिष्ठ संघाचे दार मात्र उघडले नाही. ज्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला ते चुकले, असे म्हणण्यात अर्थ नाही. त्या वयातल्या ४५१ धावा पाहून कोणीही तोच निर्णय घेतला असता.

आता मूळ मुद्द्याकडे. पारख बरोबर झाली, पुढे काय? खर्च कोणी सोसायचा?

कोल्हापुरात याचे उत्तर शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १८९४ ते १९२२ या काळात तयार झाले. महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, तालमी उभ्या केल्या, खासबागेचे मैदान बांधले. राजाश्रय म्हणजे केवळ कौतुक नव्हे. दहा पठ्ठ्यांच्या खुराकाचा भार दरबाराने उचलला आणि त्यातले आठ सामान्य निघाले, तरी उरलेल्या दोघांनी संस्थानाचे नाव राखले की हिशेब जमतो. एकट्या शेतकऱ्याला हा हिशेब कधीच जमत नाही, कारण त्याच्याकडे दहा पोरे नसतात. एकच असते, आणि ते चुकले की सगळेच चुकते.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. लातूर, औसा हा टापू तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. कोल्हापूरसारखी तालमींची दाट वस्ती आणि त्यांना पोसणारा दरबार इकडे नव्हता. गावात हनुमानाचे देऊळ, शेजारी मातीची लहानशी तालीम, आणि तिच्यापुढे काही मिळवायचे तर वाट एकच, पश्चिमेकडची. पोराला सोलापूरमार्गे शेकडो किलोमीटर दूर कोल्हापूरला धाडायचे, आणि महिन्याकाठी खुराकाचे पैसे व तुपाचा डबा पाठवीत राहायचे.

येथे खाशाबा जाधवांचा दाखला टाळता येत नाही, कारण निवडीतला धोका दुसऱ्याने अंगावर घेण्याचे त्याहून स्वच्छ उदाहरण मराठी मुलखात नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली कोल्हापूर दरबारच्या मदतीने लंडन ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. मॅटवरची कुस्ती त्यांना जवळजवळ नवखी होती. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पुन्हा पैसे उभे करायची वेळ आली तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. ही भावनेच्या भरातली उधळण होती का? मला तसे वाटत नाही. मातीत वाढलेला माणूस अनोळखी मॅटवर, अनोळखी नियमांखाली जगात सहावा येतो, तर चार वर्षांच्या सरावानंतर तो कोठे पोहोचेल, हा अंदाज डोळसपणे बांधता येण्याजोगा होता. प्राचार्यांनी पुरावा पाहिला होता. इतरांनी ‘सहावा’ हा आकडा पाहिला. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले.

पण पदकाने प्रश्न सुटला असे समजू नये. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले, पुढे पुष्कळ वर्षे उपेक्षेत काढली आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. डाव जिंकूनही जिंकणाऱ्याच्या हाती फारसे लागले नाही.

बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले ते या घटनेनंतरच्या दशकात. संस्थान विलीन झाले होते, आश्रयाची जागा आता जत्रांच्या इनामांनी, साखर कारखान्यांनी आणि शौकिनांच्या देणग्यांनी घेतली होती. रामलिंग मुदगडचा पोर तेथे टिकला, वाढला आणि १९६९ ची गदा घेऊन गेला, तीही आपल्याच मुलखातल्या मैदानातून. सत्तरच्या दशकात बंगळूरच्या फडात दिल्लीच्या सतपालला त्यांनी हरविले, ती कुस्ती आजही जुने शौकीन डावासकट सांगतात.

त्यांच्या रुस्तुम-ए-हिंदचे साल पुन्हा पाहावे : १९७२. महाराष्ट्राच्या स्मरणात हे साल कुस्तीसाठी नाही. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी मराठवाड्यातली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि मुलांना सुकडी वाटली जात होती. दावणीची जनावरे कवडीमोलाने विकली जात होती. त्या काळात किती घरांनी तालमीत ठेवलेले पोर परत बोलावले असेल? त्याची नोंद कोठे नसते. पैलवानाची पारख कितीही अचूक असो, एक पावसाळा हुकला की ती निरर्थक ठरू शकत होती. अमेरिकन संघ गुडघ्याची दुखापत मोजतात. आमच्याकडे आभाळही मोजावे लागे.

नंतरचे बिराजदार मला अधिक महत्त्वाचे वाटतात. ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले आणि जे निर्णय कधीकाळी त्यांच्याविषयी कोणी घेतले होते, ते त्यांना स्वतः घ्यावे लागले. लातूरजवळच्या साई गावचे काका पवार त्यांच्या हाताखाली आले. पवारांनी ग्रीको-रोमन प्रकार धरला. या प्रकारात कमरेखाली पकड घ्यायला, पाय लावायला मनाई. म्हणजे मातीतले निम्मे डाव बाद. जत्रेत त्याला किंमत नाही, इनाम नाही, टाळ्याही नाहीत. व्यवहाराच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा होता. परंतु कमरेवरच्या पकडीची ताकद असलेल्या पठ्ठ्याला त्याच्या अंगाजोगा प्रकार मिळाला की काय होते, हे १९९८ च्या अर्जुन पुरस्काराने दाखविले. क्वार्टरबॅकच्या बाबतीतही जाणकार हेच सांगतात : खेळाडू वाईट नसतो, पुष्कळदा त्याला मिळालेली जागा चुकीची असते.

दुसरा पठ्ठा बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे. हा अंगाने हलका. महाराष्ट्र केसरीची गदा ही वजनदार मल्लांची. हलक्या वजनाच्या पोराला ती कधी मिळणारच नसते. ज्या तालमीची पत गदांवर मोजली जाते, तिने असे पोर हाती धरावे म्हणजे गावच्या बाजाराचा भाव सोडून जगाच्या बाजाराकडे पाहणे होय. ऑलिंपिकमध्ये हलक्या वजनाचे पदकही तेवढ्याच मोलाचे असते, हे बिराजदारांना ठाऊक होते. खाशाबांचे पदक हलक्या वजनाचेच तर होते.

१४ सप्टेंबर २०११ रोजी बिराजदार गेले. आवारे तेव्हा १९ वर्षांचा होता, आणि पुढली धुरा काका पवारांनी घेतली. २०१२ चे लंडन हुकले, २०१६ चे रिओ हुकले. दुसरा कोणी असता तर याच सुमारास हिशेब मिटविला असता. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आवारेने ५७ किलो गटात सुवर्ण जिंकले आणि ते आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले. २०१९ साली नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळाले, तेही ६१ किलोत, जो गट ऑलिंपिकमध्ये नाही. बिराजदारांनी बांधलेला अंदाज खरा ठरला, पण त्यांच्या मागे सात-आठ वर्षांनी, आणि ऑलिंपिकच्या दाराबाहेर.

७ जानेवारी २०२० रोजी बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. निकाल काहीही लागला तरी गदा एकाच तालमीत जाणार होती; दरबाराचा जुना हिशेब येथे पुन्हा जमला होता. सदगीर जिंकला आणि त्याने शेळकेला खांद्यावर घेऊन मैदानात फिरविले. ते छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे. तालमीने काहीच गमावले नव्हते. शेळकेने मात्र गमावले होते, आणि हा फरक त्या सुंदर छायाचित्रात दिसत नाही.

शासनानेही आता पारखीचा पट मांडला आहे. क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश देताना लहान मुलांची उंची-वजन, ३० मीटर धाव, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर धाव अशा चाचण्या होतात. या चाचण्या जत्रेपेक्षा निःपक्षपाती आहेत, यात शंका नाही. तेथे पाटलाचा पोरगा आणि सालगड्याचा पोरगा एकाच रेषेवरून धावतो. पण हरल्यावर उठून पुन्हा जोड मागणारे पोर कोणते, हे घड्याळाला कळत नाही. नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, आवारेसारख्याला थेट पोलीस उपअधीक्षकपद मिळाले आहे. हा आधार मोठा आहे. मात्र तो पदकानंतरचा आहे. पदकाआधीची दहा वर्षे अजून बापाच्याच सातबाऱ्यावर चालतात.

आमच्या गावातही एक होता. नाव सांगत नाही. चौदाव्या वर्षी त्याने आसपासच्या सगळ्या जत्रांचे नारळ घरी आणले होते. बापाने दोन म्हशींचे दूध डेअरीला घालणे बंद करून त्याला घातले, मग एक एकर गहाण ठेवून त्याला बाहेरगावी तालमीत पाठविले. विसाव्या वर्षी तो गुडघा घेऊन परत आला. आज त्याचे वय पन्नाशीच्या पुढे आहे. चैत्रात जत्रा भरली की रेवड्यांच्या कुस्त्यांना पंच तोच असतो. पोरांना रांगेत बसवितो, एकेकाचे मनगट हातात धरून जोखतो आणि जोड लावतो. गेल्या साली एक अंगाने भरलेले पोर सलग तीन कुस्त्या मारून चौथ्यासाठी उभे राहिले, तेव्हा त्याने त्याला बाजूला बसविले आणि त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा गडी शोधून आणून त्याच्याशी लावला. पोर आपटले. त्याच्या बापाने कुरकुर केली. पंचाने त्या पोराच्या ओंजळीत दोघांच्या वाटच्या रेवड्या घातल्या आणि पुढच्या जत्रेला यायला सांगितले.